आक्षेप निरंक

मी गेम बनवतो, असं जयपूरमध्ये पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो ते जगतपुऱ्यातला फ्लॅट भाड्याने घेताना. घरमालकाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "लूडो वगैरह?" मी म्हणालो, कंप्यूटरवरचे. त्याने मान हलवली आणि करारपत्रात व्यवसायाच्या जागी 'प्राइवेट नौकरी' लिहून टाकलं. माणूस शहाणा होता. नोकरी मला खरोखरच आहे. सीतापुऱ्यातले कारखाने परदेशी पाठवायचे कपडे खोक्यांत भरतात, त्या खोक्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापणारं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पट्टी वाकडी छापली गेली की मला फोन येतो. पट्टी सरळ छापली गेली की कोणाचाच फोन येत नाही. अशी नोकरी करणाऱ्या माणसाला काहीतरी छंद लागतो. कोणी बासरी विकत घेतं, कोणी मॅरेथॉन पळतं. मी सात वर्षं गेम बनवायला शिकत होतो.

'शिकत होतो' हे क्रियापद नीट वाचावं. आमच्या या हौशी जमातीत खेळ पूर्ण कोणीच करत नाही, सगळे शिकत असतात. खेळ पूर्ण केला तर तो लोकांनी खेळायचा, नावं ठेवायची, विसरायचा. शिकणाऱ्याला नावं ठेवता येत नाहीत. इंटरनेटवर आमचे अड्डे आहेत. तिथे एकाने अर्धवट खेळाचं चित्र टाकायचं, बाकीच्यांनी 'फारच छान, शिकत राहा' असं लिहायचं आणि मग स्वतःचं अर्धवट चित्र टाकायचं. एकमेकांचे खेळ आम्ही खेळत नाही, तेवढा वेळ कोणाला असतो!

'लहान खेळापासून सुरुवात करा' हा या क्षेत्रातला पहिला उपदेश. तो प्रत्येकाला पाठ असतो आणि जयपूरच्या स्कूटरवाल्यांच्या हेल्मेटसारखा कोपरात अडकवून ठेवलेला असतो. मी सुरुवात एका अख्ख्या राज्यापासून केली. बारा किल्ले, चाळीस गावं, पाऊसपाणी, बंड, फितुरी, सगळं कागदावर तयार होतं. पाच महिन्यांनी हातात आलं ते एक हिरवं मैदान आणि त्यावर चालणारा एक माणूस, ज्याचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत रुतलेले. त्याला वर उचलला तर तो जमिनीपासून वीतभर अधांतरी तरंगायला लागला. आणखी महिनाभर मी त्याच्याशी झुंजलो. शेवटी गवत उंच केलं. गवताबद्दल अड्ड्यावर माझं फार कौतुक झालं.

दुसरा खेळ रेल्वे फाटकातून ऑटोरिक्षा काढण्याचा. कल्पना खरंच बरी होती. पण एका व्हिडिओत पाहिलं की चांगल्या खेळाची ओळख त्याच्या मेनूवरून होते, आणि माझे तीन महिने मेनूत गेले. आवाज कमी-जास्त करायची सोय, भोंगा वेगळा, इंजिन वेगळं, मागे बसलेल्या प्रवाशाचं पुटपुटणं वेगळं. खेळ मध्येच थांबवला की पडदा हळूहळू धूसर व्हायचा, इतका सुरेख की मी तो पुन्हा पुन्हा थांबवून बघायचो. थांबवण्यासारखं मागे काही चाललेलंच नव्हतं, ही गोष्ट निराळी. तिसरा खेळ आमच्या इमारतीच्या लिफ्टमधल्या भुताचा. त्यात मी प्रकाश आणि सावल्या शिकलो. सावल्या इतक्या शिकलो की पडद्यावर काहीच दिसेना. त्याला मी वातावरणनिर्मिती म्हणत असे.

बायको माझी जयपूरचीच. तिचे वडील चाळीस वर्षांपूर्वी विम्याच्या नोकरीत बदली होऊन आले आणि राहिले, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी कधी शिरतं ते तिलाही कळत नाही. ती शाळेत गणित शिकवते, म्हणून तिला उत्तराची घाई. माझ्या खांद्यावरून डोकावून ती एकच प्रश्न विचारायची, "मतलब, हे संपतं कधी?" मी तिला सांगायचो की प्रवास महत्त्वाचा. ती म्हणायची, "ठीक आहे, मग येताना दही घेऊन ये."

असं सगळं सुखात चाललं होतं. मग आई गेली आणि साताऱ्याचं घर बंद करून बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबांबद्दल सांगायचं तर ते केंद्र सरकारच्या एका खात्यात तपासणी अधिकारी होते. त्या खात्याचं मूळ काम काय हे मला आजतागायत सांगता येत नाही, पण बाबांचं काम सांगता येतं. ते गावोगावच्या कचेऱ्यांत जायचे आणि चुका काढायचे. चौतीस वर्षं काढल्या. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, आगीच्या वेळी वाळू भरायच्या बादल्यांत पानाच्या पिचकाऱ्या आहेत, मागच्या तपासणीत दाखवलेलं गळकं छत तसंच गळतंय. प्रत्येक चुकीला आक्षेप म्हणायचं, आक्षेपाला क्रमांक द्यायचा, आणि कागदाची उजवी बाजू कोरी सोडायची. तिथे त्या कचेरीने आपण काय दुरुस्त केलं ते लिहून द्यायचं. त्याला पूर्तता म्हणतात. बाबांच्या अहवालात 'चांगलं' हा रकानाच नव्हता. एकदा मी लहानपणी विचारलंही होतं की एखादी कचेरी चांगली असली तर काय लिहिता. बाबा म्हणाले, "चांगलं असणं हे तिचं कामच आहे. त्यात लिहायचं काय?"

घरातही तीच शिस्त. तिसरीत मी डोंगर, नदी आणि झोपडी असं चित्र काढलं, तेव्हा नदी चढावर वाहते आहे हे त्यांनी दाखवून दिलं. बारावीला मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा, "इंग्रजीत काय झालं?" लग्नाच्या फोटोत माझी कॉलर उलटी. मी हसत सांगतोय खरं, पण चौतिसाव्या वर्षीही मला त्या माणसाकडून एकदा, फक्त एकदा, 'चांगलं झालंय' हे ऐकायचं होतं. किती हवं होतं ते त्यांना कळू नये याची मी जन्मभर काळजी घेतली. बायकोला मात्र माहीत होतं.

जयपूरला आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा फ्लॅट तपासला, दुसऱ्या आठवड्यात इमारत. जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत संपलेली सापडली, लिफ्टचं प्रमाणपत्र सापडलंच नाही. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना चुकवायला चार मजले जिन्याने जाऊ लागले. इमारत संपली तेव्हा ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "तू रविवारभर इथे काय करतोस?"

मी मोठ्या उत्साहाने तिन्ही खेळ उघडले. बाबांनी खुर्ची ओढली, फुलस्केप कागद मागितला, पट्टी मागितली, आणि मला म्हणाले, "तू बाहेर थांब."

"मी समजावून सांगतो ना."

"तपासणी चालू असताना कचेरीचा प्रमुख खांद्यावरून बोलत नसतो."

गंमत म्हणजे आमच्या क्षेत्रातही नियम हाच आहे. कोणी तुमचा खेळ खेळून बघत असेल तर तोंडाला कुलूप लावायचं. तो कुठे चुकतो, कुठे कंटाळतो, ते नुसतं बघायचं. मला ते कधी जमलं नाही. बायको खेळायला बसली की मी, "डावीकडे, डावीकडे, अगं ते दार नाही, ते मी अजून बनवायचं आहे," असं चालू करायचो. त्यामुळे बाबांनी बाहेर काढलं ते योग्यच होतं, पण तेव्हा मला अपमान वाटला.

दोन तासांनी पहिला अहवाल मिळाला. चार पानं. बाबांचं अक्षर टपोरं, गोल, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. शाळेच्या फळ्यावर शोभेल असं. त्यातला काही भाग मला अजून पाठ आहे. 'आक्षेप क्र. २ : गवताची उंची नायकाच्या गुडघ्यापर्यंत आहे. काहीतरी लपवण्याचा हेतू असावा असे प्रथमदर्शनी वाटते.' 'आक्षेप क्र. ५ : नायक भिंतीतून आरपार जातो. हा अधिकार त्यास कोणी दिला याचा उलगडा होत नाही.' 'आक्षेप क्र. ९ : खेळ मध्येच थांबवण्याची व्यवस्था समाधानकारक आहे. खेळ आढळून आला नाही.' आणि लिफ्टच्या भुताबद्दल फक्त एवढंच, 'अंधारामुळे तपासणी करता आली नाही. दिवे लावून पुन्हा सादर करावे.'

खाली सही, तारीख. उजवी बाजू कोरी.

मी पंधरा दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण आम्ही एरवीही फार बोलत नसू. बायको मात्र कागद वाचून इतकी हसली की डोळे पुसत म्हणाली, "मतलब, सात वर्षांत तुला खरं बोलणारा एकच भेटला." माझा संताप संताप झाला. पण मग एका रविवारी, रागारागानेच, मी आक्षेप क्र. ५ ची भिंत दुरुस्त केली आणि उजव्या बाजूला लिहिलं, 'भिंत भक्कम केली.' बाबांनी पुन्हा तपासली. नायकाला भिंतीवर बावीस वेळा आपटवून त्यांनी समोर बरोबरची खूण केली. त्या एका खुणेने मला किती आनंद झाला हे सांगायची लाज वाटते.

मार्चमध्ये, होळीनंतर आठव्या दिवशी, आम्ही तिघे चाकसूला शीतला मातेच्या मेळ्याला गेलो. बायकोच्या शाळेत सगळ्याजणी जातात म्हणून ती आम्हाला घेऊन गेली. टेकडीवर देऊळ, खालपासून वरपर्यंत माणसंच माणसं, आणि बायकांच्या हातांत थाळ्या. थाळीत आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण, बाजरीच्या पिठाची ताकातली पातळ राबडी, गोड पुवे, पुऱ्या. त्या दिवशी चूल पेटवायची नसते, देवीला गारच लागतं. एक म्हातारी बाई गर्दीत धक्के खात वर चढत होती आणि तिच्या थाळीतल्या वाटीतली राबडी काठापर्यंत येऊन परत आत जात होती, सांडत नव्हती. मी थांबून बघत राहिलो. बाबाही बघत होते. परतीच्या बसमध्ये ते एकदम म्हणाले, "एवढंच कर. एक थाळी, एक टेकडी. किल्ले नकोत."

सात वर्षं शेकडो व्हिडिओंनी हेच सांगितलं होतं, पण बसमध्ये घाम पुसत बाबांनी सांगितलं तेव्हा ते डोक्यात शिरलं. त्या आठवड्यातच मी कामाला लागलो. खेळ असा की माऊस हलवला की थाळी कलते. गर्दीतून, शेळ्यांमधून, फुगेवाल्याच्या पायांतून वाट काढत थाळी सावरत साठ पायऱ्या चढायच्या. राबडी सांडली की पुन्हा पहिली पायरी. मेनू नाही. थांबवायची सोय नाही, जत्रेत कोण थांबवतं?

महिनाभरात खेळता येईल असं काहीतरी झालं. बाबांनी मी कचेरीत असताना दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडून तपासणी केली, टेकडीच्या माथ्यापर्यंत जाऊन आले, आणि चार पानं ठेवली. 'आक्षेप क्र. १ : पायथ्याच्या घरांतून धूर निघताना दाखवला आहे. या दिवशी चूल पेटत नाही. गंभीर.' 'आक्षेप क्र. ६ : शेळी आकाशात उभी आहे.' 'आक्षेप क्र. १४ : देवळात पोचल्यावर काहीच होत नाही. मग एवढे चढायचे कशासाठी?' या शेवटच्या आक्षेपाने मला तीन आठवडे झोपू दिलं नाही आणि खेळ खऱ्या अर्थाने त्याच आठवड्यांत झाला.

मग सुरू झाला माझा सुवर्णकाळ. मी दुरुस्त करायचो, बाबा तपासायचे. मेअखेर अहवाल तीन पानांचा झाला. पावसाळ्यात दोन. ऑगस्टमध्ये एक पान, तेही बारीक अक्षरात. सप्टेंबरात अर्धं, आणि अक्षर अजून बारीक, ओळीच्या शेवटी तर मुंग्यांसारखं. माझं स्पष्टीकरण तयार होतं. मोठे आक्षेप संपले, आता किरकोळ उरले, आणि किरकोळ आक्षेप माणूस किरकोळ अक्षरातच लिहिणार. सगळे कागद मी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर ओळीने टाचणीने लावले होते. डावीकडे गच्च भरलेले, उजवीकडे विरळ होत गेलेले. कोणी घरी आलं की मी त्यांना भिंतीपुढे उभं करून सांगायचो की प्रगती अशी दिसते.

बायको अधूनमधून काहीतरी म्हणायची. बाबा हल्ली चहा अर्धाच ग्लास मागतात. मी म्हणालो, साखर कमी करत असतील. बाबा दाढी घरी करत नाहीत, खाली न्हाव्याकडे जातात. मी म्हणालो, बरंय, त्यांनाही कोणीतरी बोलायला. बाबा हल्ली हळू चालतात. "त्यांना घाई कसली आहे?" असं मी म्हणालो. हे वाक्य मी शब्दशः म्हणालो आणि वर खेळातल्या फुगेवाल्याचा वेग वाढवायला वळलो. तो फार सावकाश चालत होता, ते मला बरोबर दिसलं होतं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर कागद होता. एकच ओळ. 'आक्षेप निरंक.' सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीही नाही, शून्य. खाली सही, बारीक, थोडी खाली घसरलेली. मी बूट न काढता तो कागद तीनदा वाचला. चौतीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी किती कचेऱ्यांना असा कागद दिला असेल मला माहीत नाही, मला तरी तोवर एकही दिला नव्हता. बाबा पडून होते. मी दारातून "वाचला" म्हणालो, ते "बरं" म्हणाले. आम्हा दोघांच्या मानाने हा भावनांचा महापूर होता.

मी प्याज कचोऱ्या आणल्या, सगळ्या मजल्यावर वाटल्या, सेक्रेटरींनाही दिल्या. छोटे खेळ ठेवतात त्या संकेतस्थळावर खेळ चढवला. आणि मग, देव मला क्षमा करो, अड्ड्यावर एक लांबलचक लेख लिहिला, 'माझा शिकण्याचा प्रवास'. त्यात पाच धडे होते. चौथा धडा असा की खेळणाऱ्याकडे बारकाईने लक्ष द्या. शंभरेक लोकांनी त्याला अंगठे दाखवले. खेळ किती जणांनी उघडला ते विचारू नये.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी सकाळी मी बाबा खेळायचे तो जुना लॅपटॉप साफ करत होतो. शेवटच्या आवृत्तीत मी एका व्हिडिओवरून शिकून नवीन सोय केली होती. खेळणारा कितव्या पायरीवर पडला, किती वेळात पडला, याची नोंद खेळ स्वतःच एका फायलीत ठेवायचा. बाबांना ती सांगायची राहिली होती. म्हटलं, निरंक अहवालामागची खेळी बघू तरी. फाईल उघडली. नऊ दुपारी, एकसष्ट प्रयत्न. तिसरी पायरी, दुसरी, चौथी, दुसरी, पहिली, पहिली. पाचव्या पायरीच्या वर एकही थाळी गेली नव्हती.

आधी वाटलं, नोंदच चुकीची आहे. मी स्वतः खेळून पाहिलं, नोंद बरोबर होती. मग मला राग आला. दया नाही, काळजी नाही, सरळ राग. माझ्या आयुष्यातला एकुलता एक दाखला, आणि तो खोटा! बाबांना कंटाळा आला होता, किंवा कीव आली होती, आणि त्यांनी प्रकरण मिटवून टाकलं होतं. मी लॅपटॉप तसाच उचलून गॅलरीत गेलो. बाबा टेबलावर पेपर पसरून वाचत होते.

"तुम्ही खेळ पूर्ण केलाच नाहीत," मी म्हणालो. "एकसष्ट वेळा पडलात. आणि निरंक लिहून मोकळे झालात? दुसऱ्या कुठल्या कचेरीला दिला असता असा अहवाल?"

बाबांनी फाईल वाचली. पूर्ण वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाले, "नोंद चांगली ठेवली आहेस."

"बाबा, मी काय विचारतोय?"

"खेळात आक्षेप घेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं," ते म्हणाले. "वरचा भाग आधीच तपासून झाला होता. या वेळचे बदल खालच्या चार पायऱ्यांचे आहेत, असं तुझ्याच पूर्ततेत लिहिलं आहेस. त्या पायऱ्या मी पाहिल्या. बरोबर आहेत. थाळी मी पाडत होतो. तपासणी अधिकाऱ्याचा दोष अहवालात येत नसतो."

आणि त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून पेपरवर ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी सारखी हलत होती, जपमाळ ओढल्यासारखी, आणि खालचा कागद बारीक आवाज करत होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते, पाचर निखळलेल्या कुठल्यातरी सरकारी खुर्चीकडे बघावं तसे.

त्या वेळी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "माऊसचा वेग कमी करता येतो. थाळी इतकी पटकन कलणार नाही अशी सोय करता येईल." बापाचा हात थरथरतोय आणि मी सेटिंग सांगतोय. सात वर्षं मी हेच शिकलो होतो.

"आधी बस," बाबा म्हणाले.

मी बसलो. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून असेल."

"बोलला का नाहीत?"

"तुझं काम चाललं होतं."

मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ बायकोने ठरवली. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं की पेशंटने स्वतःच्या हाताने लिहिलेलं जुनं-नवं काही असेल तर घेऊन या. मी भिंतीवरच्या टाचण्या काढल्या आणि सगळे कागद घेऊन गेलो. डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावलं, नाकाला हात लावायला लावला. मग त्यांनी कागद मागितले आणि तारखेप्रमाणे टेबलावर एकापुढे एक मांडले. मी भिंतीवर लावले होते त्याच क्रमाने. एप्रिलच्या टपोऱ्या अक्षरापासून ते शेवटच्या त्या ओळीपर्यंत त्यांनी पेन्सिलीचं टोक हळूहळू नेलं. मराठी त्यांना येत नव्हतं, आक्षेप कसले ते कळत नव्हतं, त्यांना फक्त अक्षर दिसत होतं. टेबलापलीकडून पहिल्यांदा मलाही फक्त अक्षर दिसलं.

"हाथ काँपने की इस बीमारी में लिखावट सिकुड़ती जाती है, यहाँ बहुत साफ़ दिख रहा है," ते म्हणाले. "महीने दर महीने छोटा होता गया है। ये काग़ज़ किसके पास रहते थे?"

"मेरे पास. सामने दीवार पर."

"रोज़ देखते थे? फिर ध्यान नहीं गया?"

"गया था," मी म्हणालो. "मुझे लगा, गेम अच्छा हो रहा है."

डॉक्टरांना काही उमजलं नाही. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा शर्टाचं बटण लावत होते. एका हाताने, बराच वेळ. मान वर न करता ते मराठीत म्हणाले, "तो झालाच होता."

हे ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. ऐकल्यावर मला माझी भयंकर लाज वाटली, आणि मी उठून त्यांचं बटण लावलं.